‘वहिनी, फक्त हो की नाही सांगा’

पत्र

डॉक्टरताई,

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. बारा वर्षं नोकरी केली, दोन वर्षांपूर्वी स्वतःचं ऑफिस सुरू केलं. तेव्हापासून नातेवाईक, शेजारी, शाळेतल्या मैत्रिणी सगळ्यांचे फोटो माझ्या फोनवर येऊन पडतात. भिंतीला गेलेली भेग, गळणारा स्लॅब, बाल्कनीचा फुगलेला कोपरा. खाली एकच ओळ असते, ‘घाबरण्यासारखं काही नाही ना?’ सुरुवातीला मी सगळ्यांना उत्तरं दिली. आता फोन वाजला की पोटात गोळा येतो.

मागच्या महिन्यात चुलत दिरांचा फोन आला. ‘हॉल आणि खोलीच्या मधली भिंत काढतोय. वहिनी, फक्त हो की नाही सांगा, उद्या गवंडी येतोय.’ मी म्हटलं, ‘साधारण अशा भिंती पार्टिशनच्याच असतात, भार घेणाऱ्या नसतात, पण बघितल्याशिवाय नाही सांगता येणार.’ त्यांनी भिंत पाडली. आता सगळ्यांना सांगतात, ‘वहिनींना विचारूनच पाडली.’ अजून काही झालेलं नाही, पण माझी झोप उडाली आहे.

दुसरं, माझ्या मावससासूबाई एकट्या राहतात. झोपायच्या खोलीत भेग दिसली म्हणून त्यांनी फोटो पाठवला. मी कळवलं, ‘भेगेच्या टोकाशी पेन्सिलने खूण करा, शेजारी तारीख लिहा, महिन्याने बघू वाढलीय का.’ त्या चिडल्या. ‘दोन मिनिटांचं काम, तेवढंही सांगवत नाही? आणि महिनाभर मी त्या खोलीत झोपू कशी?’ तेव्हापासून बोलत नाहीत. नवरा म्हणतो, ‘एवढं काय, सांगून टाकायचं.’ माझं कुठे चुकतंय? सरळ फी मागू का? की सगळ्यांनाच नाही म्हणू?

उत्तर

माझं उत्तर नंतर वाचलंत तरी चालेल. आधी दिरांना फोन करा आणि आज नाहीतर उद्या ती भिंत जिथे होती ती जागा स्वतः जाऊन बघा. तुमचं मन जायला तयार नसेल किंवा ते तुम्हाला येऊ देणार नाहीत असं वाटत असेल, तर तुमच्या क्षेत्रातल्या दुसऱ्या कुणाला पाठवा. भिंत भार घेणारी होती की नव्हती, याबद्दल मी एक शब्दही बोलणार नाही. तो माझा विषय नाही आणि मी ती बघितलेली नाही. पण तुमची झोप उडाली आहे याचा अर्थ मला समजतो. ज्याला विषय कळतो त्याची झोप उगाच उडत नाही. ‘अजून काही झालेलं नाही’ हे वाक्य तुम्ही पत्रात लिहिलंत, त्यातला ‘अजून’ तुमचा तुम्हालाच ऐकू आलेला आहे.

जाताना भांडायला जाऊ नका. ‘माझं नाव का घेता’ हा विषय त्या दिवशी काढूच नका. एवढंच म्हणा, ‘भावजी, तुम्ही विचारलंत तेव्हा मी न बघता बोलले, ते मला सलतंय. मला एकदा बघू द्या.’ चूक त्यांचीही आहे, पण ते मागाहून बोलता येईल.

आता तुमचा प्रश्न. मी एकतीस वर्षं दवाखाना चालवला, त्यामुळे हे दुखणं मला चांगलं माहीत आहे. जिन्यात, बसस्टॉपवर, बँकेच्या रांगेत लोकांनी मला जीभ काढून दाखवलेली आहे. बरीच वर्षं मला वाटायचं, खरा प्रश्न पैशाचा आहे. लोक फुकटात काम करून घेतात, म्हणून आपल्याला राग येतो. पुढे माझ्या हातून एक गोष्ट घडली आणि माझं मत बदललं.

आमच्या इमारतीतले एक गृहस्थ मला जिन्यात भेटले. मी घाईत, हातात बॅग. ते म्हणाले, ‘डॉक्टर, परवा मोठा प्रवास झाला, तेव्हापासून पोटरी दुखतेय.’ मी दोन पायऱ्या उतरत उतरतच म्हटलं, ‘बसून बसून रग लागली असेल, शेक द्या, थोडं चोळून घ्या.’ त्यांना बरं वाटलं, मलाही वाटलं की शेजारधर्म पाळला. तिसऱ्या रात्री त्यांना धाप लागली. पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली होती, तिचा तुकडा फुप्फुसात गेला होता. ते वाचले. हॉस्पिटलमध्ये अकरा दिवस काढून घरी आले आणि आल्यावर मला म्हणाले, ‘तुम्ही सांगितलं तसं चोळत होतो.’ त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. ती असती तर मला सोपं गेलं असतं.

हेच गृहस्थ माझ्या दवाखान्यात खुर्चीवर बसले असते तर मी काय केलं असतं? पँटचे दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत वर करायला लावले असते. दोन्ही पोटऱ्यांना टेप लावली असती. एक पाय दुसऱ्यापेक्षा तीन सेंटिमीटरहून अधिक सुजलेला असला की गुठळीची शंका घ्यायची, हे विद्यार्थ्यालाही शिकवतात. लांबचा प्रवास, एकाच पायाचं दुखणं, हे शब्द तर त्यांनी स्वतःच्या तोंडाने मला दिले होते. तपासायला दोन मिनिटं पुरली असती. मी ती दोन मिनिटं दिली नाहीत, तरीही सल्ला दिला.

मी पैसे घेतले नाहीत, ही माझी चूक नव्हती. मी बघितलं नाही, ही चूक होती. तेव्हापासून मी स्वतःला एक नियम घालून घेतला: फुकट द्यायचं तर द्यावं, अगदी आनंदाने द्यावं, पण अर्धवट देऊ नये. आणि पूर्ण देणं जमत नसेल तर सल्ला म्हणून काहीच देऊ नये. तुमच्या पत्रातल्या सगळ्या प्रश्नांना मला याच नियमातून उत्तर द्यायचं आहे.

दिरांचा फोन पुन्हा आठवा. तुम्ही जे बोललात त्यात एकही शब्द खोटा नव्हता. तुम्ही ‘पण’ही म्हणालात. तरी त्यांनी काय ऐकलं? ‘पण’च्या आधीचं. लोकांना तेवढंच ऐकू येतं, कारण तेवढंच ऐकायला त्यांनी फोन केलेला असतो. तुमचं वाक्य त्यांच्या तोंडून गवंड्याकडे गेलं, गवंड्याकडून आणखी कुणाकडे, आणि प्रत्येक वळणावर ‘पण’ मागे राहिला. म्हणून ‘साधारण असं असतं’ हे वाक्य तुमच्यासारख्या माणसाने तोंडातून काढूच नये. दुसऱ्या कुणी म्हटलं तर ती गप्पा असते, तुम्ही म्हटलंत की ती परवानगी होते.

असं फक्त आपल्याच घरात होतं असं समजू नका. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात एका बाईंचा नवरा उपचारांनंतर लुळा पडला. त्या एका वकिलाला भेटल्या. पाऊण तास, फार तर तासभर बोलणं झालं, फी घेतली गेली नाही. वकील म्हणाले, मला काही यात केस दिसत नाही, तरी भागीदाराशी बोलतो. पुढे त्यांच्याकडून काही कळलं नाही, म्हणून बाईंनी धरून चाललं की केस नाही. दावा लावायची दोन वर्षांची मुदत असते, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. ती उलटून गेली. मग त्यांनी त्या वकिलांवरच दावा लावला. वकील म्हणत होते, ‘मी त्यांना दुसऱ्याला विचारा म्हटलं होतं.’ बाई म्हणत होत्या, ‘तसं काही म्हटलं नव्हतं.’ ज्यूरीने बाईंवर विश्वास ठेवला, ६,४९,५०० डॉलरची भरपाई ठरवली आणि १९८० मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. फी नव्हती, करार नव्हता, एका बैठकीतलं एक मत होतं. ते मत न बघता, न तपासता दिलेलं होतं आणि ऐकणारीने त्यावर भरवसा ठेवला.

इंग्लंडमधला १९८८ चा एक निकाल तर मित्रामित्रांमधला आहे. नुकतीच गाडी शिकलेल्या एका मुलीने मित्राला सांगितलं, मला जुनी गाडी बघून दे, फक्त अपघातातली नको. मित्र मेकॅनिक नव्हता, पण त्याला गाड्यांतलं कळायचं. त्याने गाडी शोधली. बॉनेट ठोकून सरळ केलेलं किंवा बदललेलं आहे हे त्याला दिसलं होतं. तरी त्याने विकणाऱ्याला काही विचारलं नाही, गाडी चांगली आहे म्हणून सांगितलं. ती अपघातातलीच निघाली. अपील न्यायालयाने त्या मित्राला जबाबदार धरलं. तिघांपैकी एका न्यायाधीशांनी मैत्रीच्या सल्ल्यावर अशी जबाबदारी टाकण्याबद्दल शंका बोलून दाखवली होती, आणि ती शंका मला पटते. प्रत्येक शब्दाला कोर्टाची भीती लागली तर माणसं एकमेकांशी बोलणंच बंद करतील. पण त्या मित्राच्या वागण्यात मला माझा जिना दिसतो. त्याला बॉनेट दिसलं होतं, मला लांबचा प्रवास ऐकू आला होता. दोघांनीही पुढचा प्रश्न विचारला नाही.

तुमच्या विषयातली एक घटना तुम्हाला माझ्यापेक्षा नीट माहीत असेल. तरी इतर वाचकांसाठी सांगते, कारण फोनवरच्या होकाराचं काय होतं ते तिच्याइतकं स्पष्ट मला कुठे दिसलेलं नाही. १७ जुलै १९८१ रोजी कॅन्सस सिटीमधल्या हयात रीजन्सी हॉटेलात लॉबीवरून टांगलेले दोन पादचारी पूल कोसळले आणि ११४ माणसं गेली. मूळ आराखड्यात एकच लांब सळई छतापासून निघून वरच्या पुलातून खालच्या पुलापर्यंत जात होती. बनवणाऱ्यांना ते अवघड वाटलं म्हणून एका सळईच्या दोन केल्या. खालचा पूल आता छताला टांगलेला राहिला नाही, तो वरच्या पुलाला लटकला. वरच्या पुलाच्या तुळईखालच्या नटावर दुप्पट ओझं आलं. मूळचा जोडही नियमांप्रमाणे पुरेसा नव्हता, असं पुढे चौकशीत निघालं. या बदलासाठी फोन करून इंजिनिअरची संमती घेतली होती, असं बनवणाऱ्यांचं म्हणणं. असा फोन आलाच नाही, असं इंजिनिअरांचं म्हणणं. बदललेल्या ड्रॉइंगवर मात्र त्यांचा शिक्का होता, आणि त्यांचे परवाने गेले. ते काम फुकटातलं नव्हतं, रीतसर कंत्राट होतं. तरी इतकी वर्षं झाली आणि त्या फोनवर काय बोलणं झालं, मुळात झालं की नाही, यावर दोन्ही बाजू एकमेकींच्या विरुद्धच राहिल्या. मग तुमच्या आणि भावजींच्या फोनवर काय बोलणं झालं, हे पाच वर्षांनी कोण सांगणार?

म्हणून आज बसा आणि त्या फोनची तारीख, त्यांचा प्रश्न, तुमचं उत्तर, जसं आठवतं तसं वहीत लिहा. बघून आल्यावर जे दिसलं तेही लिहा आणि दिरांना मेसेजवर पाठवा. साधं लिहा: ‘आज जागा बघितली. असं असं दिसलं. अमुक करून घ्या. त्याआधी भिंत पाडली तेव्हा मी ती पाहिलेली नव्हती.’ तुमचा व्यावसायिक विमा असेल तर पॉलिसी काढून वाचा, नोंद नसलेलं, फी न घेतलेलं काम त्यात धरलेलं असतं का ते बघा. कायद्याचं तुमच्या वकिलाला विचारा. वर सांगितलेले निकाल तुमच्या इथे जसेच्या तसे लागू होतील असं माझं म्हणणं नाही.

आता रोजच्या त्या फोटोंचं.

आधी विचारणाऱ्याकडे नीट बघू या. तुमच्या पत्रात दोन अगदी वेगळी माणसं आहेत आणि तुम्ही दोघांवर सारख्याच वैतागल्या आहात. दिरांचं ठरलेलं होतं. गवंडी सांगून झाला होता. त्यांना सल्ला नको होता, त्यांना तुमचं नाव हवं होतं. ‘फक्त हो की नाही’ असं कुणी म्हणालं की समजावं, प्रश्न संपलेला आहे, सही तेवढी उरली आहे. अशा माणसाला फक्त ‘नाही’ म्हणायचं, आणि तेही सुटसुटीत. ‘नाही. पाडू नका. आधी कुणाला तरी जागेवर आणून दाखवा.’ याच्यापुढे कारण नको, ‘साधारण’ नको, तुमची अडचण नको. त्यांना हो किंवा नाही यांतलं एक हवं होतं, ते एक त्यांना मिळतं.

मावससासूबाई घाबरलेल्या आहेत. त्यांच्याकडे मी शेवटी येते.

या दोघांखेरीज बहुतेक माणसं मधली असतात. त्यांना खरंच कळत नसतं की तुम्हाला फोटोतून दिसतं किती. त्यांना वाटतं, जाणकाराने नजर टाकली की झालं. हा त्यांचा तुमच्यावरचा विश्वास आहे, त्यात लबाडी नाही. त्यांना हे एकदा सांगावं लागतं की तुमचं कौशल्य उत्तरात नाही, बघण्यात आहे. डॉक्टरचा हात, इंजिनिअरचं मोजमाप, वकिलाचं कागद वाचणं, हे काढून घेतलं तर मागे उरतो तो अंदाज. आणि अंदाज करायला तुम्ही कशाला हव्यात?

मी पुढे पुढे जिन्यातल्या माणसाला तीन गोष्टी द्यायला शिकले. कुणाकडे जायचं ते सांगायचं. जाताना काय घेऊन जायचं, काय विचारायचं ते सांगायचं. आणि कोणत्या खुणा दिसल्या तर क्षणभरही थांबायचं नाही ते सांगायचं. यातलं काहीही न तपासता सांगता येतं आणि यातलं प्रत्येक ऐकणाऱ्याच्या उपयोगाचं असतं. पोटरीवाल्या गृहस्थांना मी एवढं म्हणायला हवं होतं: ‘प्रवासानंतर एकच पाय दुखत असेल तर आजच दाखवा, चोळू नका, धाप लागली तर थेट हॉस्पिटलात जा.’ जिना उतरता उतरताच हे म्हणून झालं असतं. तुमच्या विषयात अशी यादी काय असेल ते तुम्ही जाणता. एकदा शांतपणे बसून लिहून काढा आणि फोनमध्ये ठेवा. फोटो आला की तीच पाठवा, वर दोन आपुलकीच्या ओळी घालून. दर वेळी नव्याने शब्द जुळवायला गेलं की थकव्यात ‘साधारण’ निसटतो.

एक गोष्ट मात्र कधीही दुरून द्यायची नाही, ती म्हणजे धीर. ‘काही होत नाही’, ‘हे असंच असतं’, ‘काळजी करू नका’ हे ऐकायला मऊ आणि द्यायला सोपे शब्द आहेत. पण सल्ल्यांतला सगळ्यात धोकादायक सल्ला तोच. दुरून सावध केलंत आणि चुकलात, तर समोरच्याचा एक फेरा वाया जातो. दुरून धीर दिलात आणि चुकलात, तर तो माणूस घरी बसून राहतो. माझ्या शेजाऱ्यांना मी औषध चुकीचं दिलं नव्हतं, मी त्यांना निर्धास्त केलं होतं.

यजमानांना वाटतं, सांगून टाकायचं. त्यांना या जिन्याची गोष्ट वाचून दाखवा. आणि त्यांना एक काम द्या. दिरांचे, मावशींचे, त्यांच्या बाजूच्या माणसांचे फोन येतात तेव्हा ‘ती बघितल्याशिवाय सांगत नाही, मीही तिला विचारत नाही’ हे वाक्य त्यांनी बोलायचं. सासरच्या माणसांना सुनेने नाही म्हणणं आणि त्यांच्या स्वतःच्या मुलाने, भावाने म्हणणं यात फार फरक पडतो. हे तुम्हाला एकटीला ओढायला लावणं बरोबर नाही.

फी मागू का, असं विचारलंत. मागा. संकोच नको. पण ती रागातून, माणसाला पळवून लावण्यासाठी मागू नका. ‘मी येऊन बघते, लेखी देते, माझी फी इतकी’ हे ज्या आवाजात परक्या माणसाला सांगता त्याच आवाजात मैत्रिणीला सांगा. ज्यांच्याकडून घ्यायची नाही त्यांनाही तितक्याच स्पष्टपणे सांगा, ‘तुमच्याकडून मी घेणार नाही.’ फार वाईट होतं ते मधलं लोंबकळणं. घेणार की नाही ते कुणी बोलत नाही, तुम्ही मनात धरून ठेवता, समोरचा विसरून जातो. आणि फी न घेता जे काम कराल ते फी घेतलेल्या कामासारखंच करा: जागेवर जा, मोजा, फाइल उघडा, एक पान लिहून द्या. नात्यात म्हणून फाइल नको, असं करू नका. नात्यातच फाइल हवी.

असं किती जणांचं करणार, हा प्रश्न रास्त आहे. अमेरिकेतल्या वकिलांच्या संघटनेच्या नमुना नियमांत एक गोष्ट आहे ती मला फार आवडते. मुख्यतः ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी प्रत्येक वकिलाने वर्षाला निदान ५० तास विनामूल्य द्यावेत, असं त्यात म्हटलं आहे. सक्ती नाही, अपेक्षा आहे. पण आकडा आहे! तुम्हीही आकडा ठरवा. महिन्याला एक जागा म्हणा, दोन म्हणा. तेवढ्या पूर्ण मनाने बघा. मग पुढच्याला ‘या महिन्यात नाही जमणार, पुढच्या महिन्यात येते, घाईचं असेल तर अमक्यांना बोलवा’ असं सांगताना मनात अपराधीपणा राहत नाही. आणि ते तास कुणाला द्यायचे हे तुम्ही ठरवा. जो मोठ्याने मागतो त्यालाच ते मिळावेत असं नाही. ज्याला खरंच फी परवडत नाही असा माणूस बहुधा तुम्हाला फोटोही पाठवत नाही.

अगदी जवळच्या माणसांचं वेगळं. त्यांचं काम शक्यतो स्वतः करूच नका, दुसऱ्या चांगल्या माणसाकडे सोपवा, हवी तर त्याची फी तुम्ही भरा. आमच्या पेशात हे शहाणपण जुनं आहे. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १८४७ साली पहिली नीतिसंहिता केली, तिच्यात म्हटलं आहे की बायको किंवा मूल आजारी असताना डॉक्टरची काळजी त्याचा निर्णय झाकोळून टाकते. म्हणून डॉक्टरांनी एकमेकांच्या घरच्यांना तपासावं, आणि तेही विनामूल्य. बघा, फुकट होतंच. पण तिऱ्हाइताच्या नजरेने, नीट तपासून. तुमच्याच क्षेत्रातली एखादी मैत्रीण असेल तर असा करार करून टाका: तुझ्या माणसांकडे मी जाते, माझ्या माणसांकडे तू.

काही जण दुखावतील. ‘मोठी झाली आता’ असं म्हणतील. ते तुम्हाला सोसावं लागेल, त्यावर माझ्याकडे औषध नाही. मला एवढंच दिसलं की ज्यांना मी ‘दवाखान्यात या, नीट बघते’ म्हणाले त्यांतले रुसलेले बरेचसे परत आले. ज्यांना मी जिन्यात उत्तर दिलं त्यांतले एक जण तर अकरा दिवस हॉस्पिटलात होते.

आता मावससासूबाई. तुम्ही त्यांना जे सांगितलंत ते तुमच्या शास्त्राप्रमाणे बरोबरच असणार. पण तो निरोप तुम्ही एका एकट्या, घाबरलेल्या बाईला मेसेजवर पाठवलात आणि महिनाभर थांबायला सांगितलंत. त्यांनी रात्री दिवा मालवल्यावर त्या भिंतीकडे बघत काय केलं असेल, याचा विचार तुमच्या हातून राहून गेला. ‘दोन मिनिटांचं काम’ हे त्या रागाने बोलल्या, त्याच्यापुढचं वाक्य मात्र अगदी खरं बोलल्या: मी झोपू कशी? तो प्रश्न भेगेचा नव्हता.

या महिन्याचा तुमचा पहिला मोकळा दिवस त्यांना द्या. न कळवता जाऊ नका, फोन करून जा, ‘मावशी, मी येतेय, भेग बघायला आणि तुम्हाला भेटायला.’ टॉर्च न्या, तुमची मोजायची साधनं न्या. सगळं नीट बघा, वरची बाजू, बाहेरची बाजू, काय बघायचं ते तुम्हाला माहीत आहे. काळजीचं असेल तर त्यांना त्या रात्री तिथे झोपू देऊ नका. नसेल, आणि थांबून बघण्यासारखंच असेल, तर पेन्सिल त्यांच्याच हातात द्या. भेगेच्या टोकाशी खूण त्यांना करू द्या, शेजारी तारीखही त्यांनाच लिहू द्या, आणि तुम्ही परत येण्याची तारीख तिच्याखाली तुमच्या हाताने लिहा.